पालथा दगड

मराठीत दगड पुल्लिंगी आहे. तो दगड. पण परसातल्या धुण्याच्या दगडाला आमची आई कायम 'ती' म्हणत आली. "तिच्यावर चपला घालून हुबी ऱ्हाऊ नगं." "तिला जरा पानी मार." शाळेत व्याकरण शिकल्यावर मी तिची चूक काढली, तर म्हणाली, "तुझ्या बाईस्नी सांग, आमच्यात ती म्हनत्यात." मग मी माझ्यापुरता खुलासा करून घेतला, की आईच्या मनात 'शिळा' किंवा 'धोंड' असा शब्द असणार, म्हणून स्त्रीलिंग. खुलासे करायची खोड मला तेव्हापासूनची आहे. पुढे त्याच खोडीबद्दल पगार मिळायला लागला.

मी दगड वाचते. म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात दगडांच्या पातळ चकत्या करून त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते. राहायला लोणावळ्यात, कारण तिथून गाव जवळ पडतं. गाव मावळातलंच. तिथे आई आहे आणि धाकटा भाऊ आहे, जो नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वडील देहूरोडच्या डेपोत होते, ते आता नाहीत.

आमची वस्ती बौद्धांची. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा आजोबा तरुण होते आणि वडील रांगत होते. त्या काळातली एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ओढ्यावर धुण्याची वरची जागा गावाची आणि खालची आमची. वरच्यांचा मळ आमच्या कपड्यांवरून वाहायचा. धर्मांतर झाल्यावर आजोबांनी घरातले आणि वस्तीतले देव ओढ्यात सोडले, आणि गावामागच्या डोंगराच्या सोंडेवरून एक मोठा काळा दगड ओढत आणून परसात टाकला. आजीला म्हणाले, झऱ्यावरून पाणी आण आणि हितं धू, आजपासून कुणाच्या खालच्या पाण्यात हात घालायचा नाही. आमचा स्वतःचा घाट. आजीनंतर त्याच दगडावर आई धूत आली.

भाऊ विहाराच्या कमिटीत आहे. दरवर्षी कार्यक्रमात माईक हातात आला की तो ही गोष्ट सांगतो, आणि 'ओढत आणला' म्हणताना दोन्ही हातांनी असा दोर ओढतो की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकतात. मी त्याला त्यावरून पुष्कळ चिडवलेलं आहे. पण गोष्ट चांगली आहे आणि तो ती चांगली सांगतो.

आता त्या सोंडेविषयी. सगळा मावळ हा लाव्ह्याच्या थरांचा आहे. एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांची चवड असावी तसे थर; खंडाळ्याच्या घाटात कुणालाही दिसतात. आमच्या गावामागे मात्र थोडं वेगळं घडलं. खालून वर येणारा तप्त रस बाहेर पडलाच नाही. तो दोन थरांच्या मध्ये घुसला आणि तिथेच अडकून बसला. वर झाकण, खाली बूड, त्यामुळे निवायला त्याला भरपूर वेळ मिळाला. असा रस सावकाश निवतो तेव्हा त्यातली सगळी खनिजं एकदम तयार होत नाहीत. आधी ऑलिव्हिनचे हिरवे दाणे बनतात, ते जड असतात, आणि तळाशी जाऊन बसतात. मग काळं पायरॉक्सिन. शेवटी पांढुरकं फेल्डस्पार, ते हलकं. आमटी ढवळली नाही की डाळ तळाशी आणि पाणी वर, तितकीच ही साधी गोष्ट आहे. गावात त्या सोंडेवरच्या दगडाला 'जड्या' म्हणतात. लोणच्याच्या बरणीवर नाहीतर कडब्याच्या गंजीवर दाब द्यायचा असला की लोक जड्या शोधतात.

मला जो प्रश्न पडला होता तो या रसाच्या माहेरचा. तो किती खोलून आला, आला तेव्हा किती तापलेला होता, आणि वाटेत अडकून पडला असताना आजूबाजूचे खडक वितळवून पोटात घातले की नाही. दारू गाळणाऱ्यांच्या भाषेत विचारायचं तर माल पहिल्या धारेचा होता की पाणी घातलेला. याचं उत्तर तळाच्या थरात असतं, कारण पहिले दाणे तिथे आहेत. त्यांच्यात मॅग्नेशियम किती, लोह किती, यावरून मूळ रस कसा होता ते कळतं. वरच्या आणि मधल्या थरांचे नमुने माझ्याकडे होते. तळाचा थर फक्त ओढ्याच्या एका वाकणात उघडा पडलेला होता, आणि तिथून आणलेला प्रत्येक तुकडा सडका निघायचा. ऑलिव्हिन खोल जमिनीत दांडगं असतं, पण वर आलं की हवापाण्यापुढे चटकन मान टाकतं. बोटात धरलं तरी चुरा व्हायचा.

मग ते वाकणही गेलं. सोंडेच्या पायथ्याला एक रिसॉर्ट उभं राहिलं, वाकणावर भक्कम भिंत आली आणि भिंतीच्या वर पोहण्याचा तलाव. मी हातोडा घेऊन गेटवर गेले तर वॉचमनने विचारलं, "मॅडम, बुकिंग आहे का?" मी म्हटलं, तुमच्या तलावाच्या खाली माझा दगड आहे. त्याने वहीत बघितलं आणि नाव नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी गावी आले ती तणतणतच. आई परसात गोधडी धूत होती. मी पायरीवर बसून रिसॉर्टला शिव्या देत होते आणि ती सोटा मारत होती. पाणी वाहून गेलं, ऊन त्या ओल्या दगडावर पडलं, आणि मला हिरवे दाणे दिसले. खच्चून भरलेले, एकमेकांना चिकटून बसलेले, ताजे. लहानपणापासून मी त्या दगडावर दप्तर धुतलं होतं आणि हे कधी बघितलं नव्हतं. आजोबांनी आणलेला दगड तळाच्या थराचा होता. वरचा सडका पापुद्रा टिकायला उसंतच मिळाली नव्हती, रोज आपटून आपटून आजीने आणि आईने तो उडवून लावला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"आई, मला या दगडाचा तुकडा पाहिजे."

"जगातलं दगड सपलं का?"

"या जातीचे संपले."

ती हसली. म्हणाली, कडेची एक कपची घे आणि गप बस. मी घेतली. प्रयोगशाळेतून जे आकडे आले ते बघून तिथला तंत्रज्ञ म्हणाला, मॅडम, हा दगड आहे का साबणाची वडी? चूक त्याची नव्हती. मला सोडियम मोजायचं होतं आणि आई जन्मभर त्या दगडावर धुण्याचा सोडा ओतत आली होती. वरून, कडांवरून, बारीक भेगांतून सगळीकडे तो मुरला होता. चांगला नमुना हवा तर दगड उलटून खालच्या अंगाचा घ्यायला हवा होता.

पुढच्या खेपेला मी तसं सांगितलं. आईचा हात थांबला.

"उलटायचा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. वरनं काय पायजे ते ने. उलटायचा न्हाई."

मी समजावून सांगितलं, की तुकडा मुठीएवढाच हवा, दगड जागच्या जागी परत बसवून देते. भावाने घेऊन दिलेल्या वॉशिंग मशीनची आठवण करून दिली. ते मशीन आमच्या घरात आहे. त्यावर विणलेलं कव्हर आहे आणि आत जादाच्या चादरी ठेवलेल्या असतात. आई सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी "च्या टाकू का?" विचारायची. पालथ्या घड्यावर पाणी. मला राग आला, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. माझ्या शिक्षणासाठी याच बाईने अंगावरचं होतं नव्हतं ते मोडलं होतं, आणि आता एका दगडाच्या कुशीसाठी अडून बसली होती.

त्यातच भावाचं वेगळं चाललं होतं. विहाराची नवी इमारत होत आली होती. कमिटीत ठरलं, की उद्घाटनाआधी आजोबांचा दगड विहाराच्या अंगणात चौथऱ्यावर बसवायचा. गोष्ट सगळ्या वस्तीला पाठ होतीच, आता तिला पुरावा मिळणार होता. भावाने क्रेनवाला ठरवला, टेम्पो ठरवला. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, तोच दिवस धरला. वस्तीतले सगळे मागून चालत येणार होते. आईने त्यालाही नाही सांगितलं. तो मला फोन करून म्हणाला, "ताई, तूच बोल. आजोबांचा एवढा रिस्पेक्ट होतोय आणि ही आडवी पडलीय. मी सगळ्यांना शब्द दिलाय."

मी म्हटलं, "तुला चौथरा पाहिजे, मला कपची पाहिजे. दोघांनाही मिळत नाहीये. मी काय बोलणार?"

त्या आठवड्यात बुधवारी सकाळी आईचा फोन आला. "आज ये. एकली ये. तुझा हातुडा घिऊन ये." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी कॉलेजात तब्येतीचं कारण सांगितलं आणि निघाले.

पोचले तेव्हा भाऊ पहिल्या पाळीला गेलेला होता. आईने खुरप्याने दगडाच्या भोवतीची माती आधीच उकरून ठेवली होती. शेजारी पहार, एक ओंडका आणि बादलीभर पाणी. तिने पदर खोचलेला होता. काही विचारायची सोय नव्हती. मी पहार लावली, तिने ओंडका सरकवला, आणि आम्ही दोघींनी जोर केला. दगड हलेना. जड्याच तो. दुसऱ्यांदा आईने स्वतः पहार धरली आणि सत्तरीला टेकलेली ही बाई तिच्यावर अशी लोंबकळली की मला तिचीच धास्ती वाटली. तिसऱ्यांदा दगड कुशीवर आला, थोडा डगमगला, आणि उताणा पडला.

खालची बाजू लाल होती.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच वर्ग सुरू केला. "आई, हे बघ! हे तेच. ऑलिव्हिन सडायला लागलं ना, की त्यातलं लोह असं लाल होतं. खालून माती, ओल, साबणाचं पाणी. याला इडिंग्जाइट म्हणतात."

"काय म्हनत्यात?"

"इडिंग्जाइट."

"पुन्यांदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तेव्हा मला कौतुक वाटलं. "आसंल," ती म्हणाली. "तसंच आसंल. घे तुझी कपची आन् आवर."

मी गुडघ्यावर बसले आणि सवयीने त्या लालावर नख ओढलं. नखात ते मऊ शिरलं. दगड सडला तरी नखात असा शिरत नाही. बोट नाकाशी नेलं तर जुन्या तेलाचा खवट वास आला. मी पाण्याचा हबका मारला. माती निघून गेली आणि खाली जाड, गुळगुळीत, शेंदरी कवच दिसलं, आणि त्या कवचात समोरासमोर, टाकीने पाडलेले दोन गोल खळगे. डोळे बसवायची जागा.

मी आयुष्यभर दगडातले लाल रंग ओळखत आले. गंज, गेरू, गार्नेट, काय वाटेल ते विचारा. शेंदूर तेवढा ओळखू आला नाही. येणार कसा? आमच्या घरात तो मी कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या पोराने एका नजरेत सांगितलं असतं.

"आई, हा शेंदूर आहे."

"ती सटवाई हाय," आई म्हणाली.

तेव्हा मला तिचं व्याकरण कळलं.

आई पायरीवर बसली आणि तिने सांगितलं. तिला हे आजीने सांगितलेलं होतं, लग्न होऊन आल्यावर, एकदाच. आजीची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. वडिलांच्या वेळी ती वस्तीच्या कडेला बाभळीखाली असलेल्या या सटवाईपुढे पदर पसरून आली, आणि वडील जगले. नंतर धर्मांतर झालं. वस्तीत ठरलं की देव ठेवायचे नाहीत, सगळे ओढ्यात सोडायचे. लहान देव पाटीत घालून नेले. सटवाई आजोबांच्या वाट्याला आली, कारण ते अंगाने दांडगे होते.

"लय जड," आई म्हणाली. "बाकी समदी फुडं गेलेली. ह्ये दोघं दोर लावून वढत व्हती. हितं, परसात, आजोबा दमून बसलं. तवा आजी म्हनली, माझं पोर हिच्यामुळं जगलं का आपसूक जगलं, ते मला ठावं न्हाई. नवा धर्म मला पटलाय. म्या आता कुटंबी हात जोडायची न्हाई. पर हिला पान्यात ढकलायला माझा हात व्हत न्हाई."

"मग?"

"मग काय. म्हनली, देव म्हनून बसून लय खाल्लं हिनं. आता काम करंल. आन् पालथी घातली."

आजोबांनी बाहेर जाऊन सांगितलं, सोडली. दगड कुठला म्हणून कुणी विचारलं तर सोंडेवरचा. तेही खोटं नव्हतं, आलेला तो सोंडेवरूनच. घाटाची गोष्ट नंतर हळूहळू तयार झाली, आणि तीही खोटी नव्हती. आजी त्या दिवसापासून ओढ्यावर धुवायला गेली नाही. बुद्धवंदना तिला मरेपर्यंत तोंडपाठ होती. कुठल्या देवळाची पायरी ती चढली नाही. सुनेला मात्र दोन गोष्टी बजावल्या: हिच्यावर चपला घालून उभं राहायचं नाही, आणि हिला उलटायचं नाही.

"तू कधी हात जोडलेस?" मी विचारलं.

"मी कशाला जोडू? हात साबनाचं असत्यात."

मग तिचा आवाज बदलला. "पर उद्या क्रेन आली आसती आन् समद्या वस्तीम्होरं ती उलटली आसती. पोरगं माईकवर सांगतं, आजोबांनी देव सोडला आन् दगड आनला. देव आन् दगड येकच निघाला, तर त्यानं तोंड कुटं ठेवायचं? आन् लोक आजीला नावं ठेवत्याल. बोलत व्हती येक आन् करत व्हती येक. तसं न्हवतं गं ते. पर कुनाला सांगत बसू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आईला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. मला आजीचा अभिमान वाटला, भावाची काळजी वाटली, आणि आईची दया आली, की एवढी वर्षं हे ओझं ती रोज धुण्याबरोबर आपटत आली आणि कुणापुढे बोलली नाही. नमुन्याचा तर मला पार विसर पडला होता. आठवण तिनेच केली.

"तुला कुठली बाजू पायजे?"

"खालची. पण आधी हे काढावं लागेल."

"मग काढू." ती उठली, तारेची घासणी घेतली आणि त्या शेंदरावर बसली. मला म्हणाली, "पानी सोड." कडेने घासत गेली, निगुतीने, कढई घासते तशी. एका ठिकाणी कवचाला भेग गेली, आणि मग अख्खं कवच एका बाजूने सुटून तिच्या हातात आलं. देवावर शेंदराचे थर चढत जातात आणि एक दिवस देव खोळ सोडतो, असं लोक म्हणतात, एवढं मी ऐकून होते. आई ते हातात धरून क्षणभर बसली. मी तिच्या हातातून काढून घेतलं. शेंदरात शिसं असतं, गटारात सोडण्यासारखी वस्तू नव्हे ती. मी ते माझ्या नमुन्यांच्या पिशवीत घातलं.

खाली स्वच्छ दगड होता. हिरवट काळा, दाण्यांनी भरलेला, सोड्याचा थेंब न लागलेला. दोन खळगे तेवढे राहिले. मी खळग्यांपासून लांबच्या कोपऱ्यावर छिन्नी टेकवली. आईने दगडाला दोन्ही हातांनी धरलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"मार," ती म्हणाली. "मी धरली हाय."

कपची निघाली तेव्हाच रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. भाऊ आत आला, डबा हातात, आणि परसाच्या दारात थबकला. "अरे! उलटला? तुम्ही दोघींनी? आई, तू तर..." मग त्याचं लक्ष खाली गेलं. फरशीवरून लाल पाणी मोरीकडे चाललं होतं. "हे काय लाल?"

मी तोंड उघडलं, पण आईने मला बोलू दिलं नाही.

"त्ये व्हय," ती म्हणाली. "इडिंगजाईट. दगूड सडला की येतं. ताईला इचार."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने वाकून दगड पाहिला, हात फिरवला. बोटं त्या दोन खळग्यांत गेली. "आणि हे होल?"

"बुडबुडे," मी म्हटलं. "रस तापलेला असतो, त्यात वायू असतो."

जमिनीच्या पोटात सावकाश निवलेल्या दगडात असले बुडबुडे नसतात. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी शिकवते. आई माझ्याकडे बघून गालात हसली, आणि मीही मग चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी क्रेन आली नाही. भावाने पुष्कळ वाद घातला, पण आई म्हणाली, मी हाय तवर ती हितंच, मी गेल्यावर तिला कुटंबी न्या. शेवटी तोडगा निघाला तो फोटोचा. दगड आता उताणाच ठेवलेला होता, भावालाही ती बाजू जास्त सुबक वाटली. आईला शेजारी बसवून त्याने फोटो काढला आणि उद्घाटनाच्या फ्लेक्सवर मोठा करून लावला. कार्यक्रमात त्याने नेहमीसारखा दोर ओढला. मागे फ्लेक्सवरून ते दोन खळगे सगळ्या वस्तीकडे बघत होते. टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या, आणि खऱ्या वाजवल्या.

कपचीने माझं काम झालं. चकती केली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि ऑलिव्हिनचे दाणे निळे, जांभळे, केशरी असे उजळले. त्यांच्यात मॅग्नेशियम भरपूर होतं. रस फार खोलून, फार तापलेला आला होता, आणि वाटेत त्याने जवळपास काहीच पोटात घातलं नव्हतं. पहिल्या धारेचा. मी त्यावर शोधनिबंध लिहिला, इंग्रजीत. त्या भाषेत दगडाला लिंग नसतं, त्यामुळे तो म्हणावं की ती, हा प्रश्न आला नाही. बरं झालं. नमुना कुठला, तर ओढ्याच्या वाकणातल्या थरातून सुटलेला खडक, असं लिहिलं, आणि ते खरं आहे. चिठ्ठी नसलेली पिशवी दिसली की मी मुलांना फैलावर घेते. माझ्या खणात तशी एक पिशवी आहे, आणि ती का आहे हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा गावी गेले होते. आई धूत होती आणि मी पायरीवर बसले होते. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय हे बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं, आवाज नव्हता. सोटा भिंतीला उभा होता आणि आई चादर दगडावर पसरून हातानेच चोळत होती.

"आपटत का नाहीस?" मी विचारलं.

"मनगाट दुखतंय," आई म्हणाली, आणि खळग्यांत साचलेलं साबणाचं पाणी बोटाने निपटून काढलं.